ओपनकेबीपी दोन महिने वापरून पाहिलं, नागपूरच्या प्लॅनिंग रूममधून रिव्ह्यू

मी नागपुरात रेडिओथेरपी फिजिसिस्ट आहे, अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत सगळ्यात जास्त प्लॅन केले ते तोंडाच्या नि गळ्याच्या कॅन्सरचे, आणि काहून ते नागपूरच्या माणसाला सांगायची गरज नाही, कुठल्याही पानठेल्यावर पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राहिलेला माणूस दिसतोच. त्यामुळे हेड अँड नेकचं प्लॅनिंग एआयनं सुधारू शकतं का हा प्रश्न माझ्यासाठी रोजच्या कामाचा आहे. मे आणि जून, कूलरसमोर लॅपटॉप ठेवून, मी ओपनकेबीपीचा (एआयला रेडिओथेरपीच्या डोसचा अंदाज शिकवायचा खुला संच) सगळा डेटा आणि कोड उतरवून घरी चालवला, त्याचा हा रिव्ह्यू.

जे या लाइनमधले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं. डोकं हलू नये म्हणून पेशंटचा मास्क बनतो, सीटी होतो, डॉक्टर त्या सीटीवर गाठ आणि आजूबाजूचे नाजूक अवयव आखतात, त्याला आम्ही कंटूरिंग म्हणतो, आणि मग फाइल आमच्याकडे येते. किरणं कुठल्या बाजूनी किती सोडायची ते आम्ही बसवायचं. गाठीला समजा ७० ग्रे (डोस मोजायचं एकक) द्यायचे, रोज २ याप्रमाणे ३५ फ्रॅक्शन, सोमवार ते शुक्रवार धरून सात आठवडे. त्याच वेळी स्पायनल कॉर्ड ४५ ग्रेच्या वर जाता कामा नये, आणि कानाच्या पुढेखाली लाळेची ग्रंथी असते पॅरोटिड, तिचा सरासरी डोस २६ ग्रेच्या आत राहावा म्हणून धडपड करायची, नाहीतर लाळ आटते. लाळ आटणं काय असतं ते फॉलोअपच्या दिवशी बाकावर बसलेल्या माणसाकडे बघा, हातात पाण्याची बाटली, भाकर गिळत नाही, रात्री जीभ टाळूला चिकटते म्हणून झोप नाही, आणि हे वर्षानुवर्षं.

आता गोम अशी आहे की प्लॅनिंग सॉफ्टवेअर तुम्ही जितकं मागाल तितकंच देतं. पॅरोटिडला २६ मागितले, २६ मिळाले, ते थांबलं. त्या पेशंटच्या अंगात १८ पण जमले असते हे ते स्वतःहून सांगत नाही. जुना माणूस अंदाजानं अजून दाबून बघतो, नवीन शिकणाऱ्याला २६ च्या खाली आकडा आला की वाटतं झालं काम. आणि रोज सहा-सात प्लॅन रांगेत असले, तर जुन्या माणसाला तरी कुठं वेळ आहे.

नॉलेज-बेस्ड प्लॅनिंग, ओपनकेबीपीतलं केबीपी, म्हणजे हा अंदाज मशीनला शिकवणं. काटोल-वरूडकडे संत्र्याची बाग घ्यायला व्यापारी येतो ना, झाडांमधून एक चक्कर मारतो आणि तोडणीच्या आधीच सांगतो की इतका माल निघेल, कारण त्यानं असल्या शेकडो बागा पाहिलेल्या असतात. तसंच इथं जुने चांगले प्लॅन मशीनला दाखवायचे आणि नव्या पेशंटबद्दल विचारायचं, गाठ इथं आहे, पॅरोटिड तिच्यापासून इतकी लांब आहे, तर डोस किती खाली जायला पाहिजे.

हे करायच्या रीती बऱ्याच आहेत. जुनी रीत भूमितीची. २००९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी ओव्हीएच वापरून दाखवलं, म्हणजे गाठ थोडी थोडी फुगवत न्यायची आणि बघायचं की किती अंतरावर अवयवाचा किती भाग तिच्यात येतो, त्या रेषेवरून जुना सारखा पेशंट शोधायचा आणि तुलना करायची. मग त्याच विचारावर रिग्रेशन आलं, म्हणजे जुन्या आकड्यांवर रेषा बसवून नवा आकडा काढणं, आणि बाजारात व्हेरियन कंपनीचं रॅपिडप्लॅन आलं जे कमीत कमी २० प्लॅनवर मॉडेल बनवू देतं. ही रीत तुम्हाला डीव्हीएच सांगते, म्हणजे अवयवाच्या किती टक्के भागाला किती डोस याची रेषा. डोस नेमका कुठं पडणार ते नाही सांगत, पण प्लॅनरला उद्दिष्ट द्यायला पुरते. दुसरी रीत डीप लर्निंगची. २०१५ मध्ये यू-नेट हे न्यूरल नेटवर्क आलं ते मुळात बायोमेडिकल चित्रांतला एकेक भाग वेगळा आखायला, पण मग लोकांनी त्याला सीटी आणि कंटूर देऊन सरळ डोसचं त्रिमितीय चित्रच काढायला लावलं, प्रत्येक व्हॉक्सेलला, म्हणजे त्रिमितीय चित्राच्या एकेका बारीक ठोकळ्याला, किती ग्रे. त्यातच कुणी गॅन (एक मॉडेल चित्र काढतं, दुसरं ते खरं की बनावट ओळखतं) लावलं, कुणी दोन यू-नेट एकामागे एक जोडले, कुणी पाच-सहा मॉडेलची सरासरी घेतली.

आणि इथंच मोठी अडचण होती, प्रत्येक ग्रुप आपल्याच हॉस्पिटलच्या डेटावर, आपल्याच मापानं मोजून सांगून राहिला होता की आमची रीत भारी. एकाचे पेशंट वेगळे, दुसऱ्याचे वेगळे, तुलना करणार कशी. मला याचा राग आहे कारण मी स्वतः अनुभवलंय, मागे एका कंपनीचे साहेब डेमो द्यायला आले होते, स्क्रीनवर पाच मिनिटांत सुंदर प्लॅन, मी विचारलं की हे मॉडेल कुठल्या पेशंटवर शिकलंय, किती पेशंट, कुठल्या साइटचे, तर उत्तर आलं मॅडम ते कॉन्फिडेन्शियल असतं. म्हणजे आमच्या पेशंटला ते लावायचं आम्ही, आणि ते शिकलं कशावर हे आम्हालाच माहीत नाही!

ओपनकेबीपीनं नेमकी ही गोष्ट फोडली म्हणून मला ते आवडलं. एएपीएम, म्हणजे अमेरिकेतली मेडिकल फिजिसिस्ट लोकांची संघटना, तिच्या २०२० च्या ग्रँड चॅलेंजमध्ये टोरंटोच्या लोकांनी मुख्यतः हे उभं केलं. हेड अँड नेकचे ३४० पेशंट, त्यातले २०० शिकायला, ४० तपासायला, १०० परीक्षेला. सगळ्यांना तोच डेटा, सगळ्यांना तेच दोन स्कोअर. पहिला डोस स्कोअर, म्हणजे प्रत्येक व्हॉक्सेलला खरा डोस आणि अंदाज यात सरासरी किती ग्रेचा फरक. दुसरा डीव्हीएच स्कोअर, तो आमच्या रोजच्या भाषेतल्या आकड्यांचा फरक मोजतो, अवयवांसाठी सरासरी डोस आणि सगळ्यात जास्त डोस घेणाऱ्या ०.१ सीसीचा डोस, टार्गेटसाठी, म्हणजे ज्या भागाला डोस द्यायचाय त्यासाठी, डी९९, डी९५ आणि डी१, म्हणजे त्याच्या ९९, ९५ आणि १ टक्का भागाला कमीत कमी मिळणारा डोस. २८ देशांतले १९५ जण आले, शेवटच्या परीक्षेपर्यंत २८ टीम पोचल्या. चीनमधल्या आन्हुई विद्यापीठाची टीम दोन्ही स्कोअरमध्ये पहिली आली, दोन ३डी यू-नेट एकामागे एक लावलेलं मॉडेल, डोस स्कोअर साधारण २.४ ग्रे आणि डीव्हीएच स्कोअर साधारण १.५.

डेटा उघडला तेव्हा पहिल्यांदा मनापासून बरं वाटलं. प्रत्येक पेशंटचं एक फोल्डर, आत सगळ्या सीएसव्ही फाइली, सीटीची एक, डोसची एक, प्रत्येक अवयवाची एक, व्हॉक्सेलच्या मापाची एक, आणि एक मास्क जो सांगतो की डोस कुठं पडूच शकतो. डायकॉमची, म्हणजे हॉस्पिटलमधल्या स्कॅनच्या फाइल फॉरमॅटची, कटकट नाही, आमच्या फील्डमध्ये ज्यांनी डायकॉम स्ट्रक्चरसेट पायथनमध्ये वाचायचा प्रयत्न केलाय त्यांना या वाक्याचा आनंद कळेल. सगळं १२८ गुणिले १२८ गुणिले १२८ च्या डब्यात बसवलेलं, म्हणजे एका पेशंटचे २० लाखांच्या वर व्हॉक्सेल, पण बहुतेक रिकामे म्हणून फक्त भरलेले लिहिले आहेत, त्यामुळे डाउनलोड आवाक्यात. सोबतचा पायथन कोड वाचायला स्वच्छ आहे, डेटा वाचणं, मॉडेल शिकवणं, अंदाज काढणं, स्कोअर करणं, सगळं एका धाग्यात. मी काही प्रोग्रामर नाही, आमच्याकडे एमएस्सीला जेवढं शिकवलं आणि नंतर गरजेपुरतं जेवढं शिकले तेवढंच, तरी दुसऱ्या रविवारी संध्याकाळी माझं पहिलं मॉडेल चालून राहिलं होतं.

त्रास झाला तो जीपीयूचा, म्हणजे मॉडेल शिकवायला लागणाऱ्या वेगवान चिपचा. माझ्या लॅपटॉपमध्ये नाही, म्हणून फुकटातलं क्लाउडवालं वापरलं आणि ते मध्येच सुटायचं, शिवाय मे महिन्यात आमच्या भागात दुपारी लाइट जायची. उपाय एकच, दर थोड्या वेळानी मॉडेल सेव्ह करत राहा, ती सोय कोडमध्ये आहे, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा.

मग मी तुलनेला बसले. एकीकडे यू-नेट, दुसरीकडे मी हातानी बनवलेलं अगदी साधं रिग्रेशन, पॅरोटिडचा किती भाग टार्गेटमध्ये शिरलाय आणि उरलेला सरासरी किती लांब आहे, एवढ्या दोनच गोष्टींवरून पॅरोटिडचा सरासरी डोस. आणि माझ्या डोळ्यासमोर जे आलं त्यानं मी थांबून विचार केला. फक्त पॅरोटिडची सरासरी विचारली तर साधी रेषा पण यू-नेटच्या फार मागे नव्हती! जिथं पॅरोटिड लांब, तिथं दोघंही बरोबर. जिथं टार्गेट अर्ध्या पॅरोटिडमध्ये घुसलंय तिथं रेषा चुकायला लागली आणि यू-नेट टिकलं. लॅरिंक्स (स्वरयंत्र) आणि अन्ननलिकेला तर माझी रेषा पार कोलमडली, कारण तिथं एका अंतरावरून काही ठरत नाही, टार्गेट वरखाली कुठपर्यंत आहे त्यावर ठरतं, आणि ते यू-नेटला चित्रातून दिसतं. म्हणजे ज्या डिपार्टमेंटला पॅरोटिड आणि कॉर्डसाठी चांगलं उद्दिष्ट हवंय त्यांनी डीप लर्निंग नाही म्हणून रडत बसायचं कारण नाही, आपल्या पंचवीस-तीस चांगल्या प्लॅनवरची जुनी रीत आजही कामाची आहे, हे मी आता डेटा बघून म्हणते.

यू-नेटच्या डोसचं चित्र मात्र दिसायला फार गुळगुळीत येतं. खऱ्या प्लॅनमध्ये नऊ बीमचे पट्टे दिसतात, एकेक बीम जिथून शिरतो तिथं डोसचा हात पसरलेला असतो, अंदाजात ते हात विरघळून जातात. कारण असं की मॉडेलला सरासरी फरक कमी करायला शिकवलं की ते सगळीकडे मधलं उत्तर देतं, त्यात त्याचा तोटा कमी होतो. म्हणून स्कोअर छान आला तरी टार्गेटच्या काठावर, जिथं दोन-चार मिलिमीटरमध्ये डोस धाडकन पडतो, तिथं चूक सरासरीपेक्षा बरीच मोठी असू शकते. २.४ ग्रे हा आकडा वाचून कुणी असं समजू नये की प्रत्येक जागी फरक २.४ च्याच आसपास आहे. कॉर्ड टार्गेटला खेटून असेल तर मला तिथला आकडा पाहिजे, सगळ्या मानेची सरासरी काय कामाची.

आणि त्याहून महत्त्वाचं, अंदाज म्हणजे प्लॅन नव्हे. व्यापाऱ्यानं सांगितलेला माल आणि क्रेटमध्ये भरलेला माल या दोन गोष्टी आहेत. यू-नेटनं काढलेलं डोसचं चित्र लिनॅकला, म्हणजे किरणं देणाऱ्या मशीनला, देताच येईल असं नाही, त्यावरून मशीनला झेपेल असा प्लॅन काढायला ऑप्टिमायझेशन लागतं, त्याला डोस मिमिकिंग म्हणतात. याच टीमनं नंतर, २०२२ मध्ये, ओपनकेबीपी-ऑप्ट म्हणून पुढचं काम छापलं आणि माझ्या मते खरा खजिना तो आहे. चॅलेंजमधली १९ मॉडेल घेतली, प्रत्येकाला ४ प्रकारचं ऑप्टिमायझेशन जोडलं, म्हणजे ७६ जोड्या, १०० पेशंटवर ७,६०० प्लॅन. निघालं काय, तर अंदाजाचा दर्जा आणि त्यातून निघालेल्या प्लॅनचा दर्जा यांचं नातं आहे पण घट्ट नाही, रँक कोरिलेशन (१ म्हणजे दोन्हीकडचा क्रम अगदी सारखा) ०.५० ते ०.६२ च्या मध्ये. आणि प्लॅन हे आपल्याच अंदाजापेक्षा २३ पैकी १८ डीव्हीएच निकषांवर ठळकपणे चांगले निघाले. म्हणजे ज्याचा अंदाज पहिला त्याचा प्लॅन पहिला असं होत नाही, आणि मधला ऑप्टिमायझर बऱ्याच चुका पोटात घालतो. हे वाचल्यावर मी लीडरबोर्डच्या दुसऱ्या दशांशाकडे बघणं सोडलं. कोणी विक्रेता उद्या तुम्हाला सांगेल की आमचं प्रेडिक्शन इतकं अचूक, तर त्याला विचारा की त्यातून निघालेला प्लॅन दाखवा, आमच्या मशीनवर निघालेला.

आता कमी काय पडलं, ते आपल्याकडच्या माणसाच्या नजरेतून. या डेटातले टार्गेट ७०, ६३ आणि ५६ ग्रेचे, ३५ फ्रॅक्शनमध्ये. अवयव सातच, ब्रेनस्टेम, कॉर्ड, दोन पॅरोटिड, लॅरिंक्स, अन्ननलिका, जबडा, आणि प्रत्येक पेशंटला सगळे आखलेले असतीलच असं नाही. आमच्याकडे येणारा पेशंट बघा, गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, अर्धा जबडा काढलेला, छातीचं मांस आणून गालाला लावलेलं, टार्गेट एकाच बाजूला, डोस ६० ग्रे ३० फ्रॅक्शनमध्ये. मला त्याची उरलेली जीभ आणि तोंडाचा आतला भाग वाचवायचाय, तर या डेटात ओरल कॅव्हिटी हा कंटूरच नाही. मी आमच्या एका जुन्या प्लॅनवर, परवानगी घेऊन आणि नावगाव सगळं काढून, मॉडेल चालवून पाहिलं. ६० चं टार्गेट टाकायला खानाच नाही, इथूनच सुरुवात. ६३ च्या खान्यात टाकलं तर दुसऱ्या बाजूच्या पॅरोटिडला त्यानं आमच्या खऱ्या प्लॅनपेक्षा कितीतरी जास्त डोस दाखवला. शिकलंच नाही तर सांगणार कुठून. कुणी हा अंदाज प्रमाण मानून प्लॅन केला असता तर त्या माणसाची धडधाकट ग्रंथी विनाकारण गेली असती.

अजून एक लक्षात ठेवा, यातले डोस पेशंटला प्रत्यक्षात दिलेले प्लॅन नाहीत, एकाच ठरलेल्या ऑटोमॅटिक पद्धतीनं, नऊ सारख्या अंतरावरच्या बीमनी, ६ एमव्ही ताकदीच्या किरणांवर बनवलेले आहेत. तुलनेसाठी हे चांगलंच, सगळे प्लॅन एका हातचे. पण आम्ही बहुतेक व्हीमॅट करतो, तिथं गॅन्ट्री, म्हणजे मशीनचा हात, पेशंटभोवती फिरत फिरत डोस देते, चित्र वेगळं दिसतं. त्यामुळे हे मॉडेल उचलून क्लिनिकमध्ये लावायचा विचार पण करू नका, त्यासाठी ते बनवलेलंच नाही.

मार्क द्यायचे तर डेटाला ५ पैकी ५, मी मनापासून देते, कोडला ४, कारण लायब्ररीच्या आवृत्त्या जुळवण्यात माझे दोन दिवस गेले आणि नवशिक्या पोरांना तिथंच कंटाळा येईल. आपल्या पेशंटसाठी सरळ उपयोग, ५ पैकी १. शिकण्यासाठी याच्यासारखं दुसरं मला तरी सापडलं नाही, मेडिकल फिजिक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं इंटर्नशिपमध्ये एकदा हे चालवावं, डीव्हीएच म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा इथं जास्त कळतं, कारण इथं तुम्ही स्वतः २० लाख व्हॉक्सेलमधून ती रेषा काढता.

फायदा मला दुसऱ्याच जागी झाला. माझं दोन गोष्टींचं साधं रिग्रेशन मी आमच्या मागच्या वर्षीच्या गालाच्या प्लॅनवर नव्यानं बसवलं, आमचाच डेटा, आमचेच ६० ग्रे, ओरल कॅव्हिटी धरून. आमच्याकडे शिकायला असलेली मुलगी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, मॅडम हे तीन ठिपके रेषेच्या एवढे वर काहून आहेत? ते तिन्ही प्लॅन उघडले. एकात दुसऱ्या बाजूला लिम्फ नोड होती, डोस जास्त असणं बरोबरच होतं. बाकीच्या दोनात तसं काहीच कारण नव्हतं, प्लॅनरनं २६ मागितले, २६ मिळाले, तिथंच सोडलं. दोन्ही माझेच होते, एक दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला. ते नव्यानं करून पाहिले, टार्गेटला धक्का न लावता दोन्हीत पॅरोटिड बरीच खाली आली.

ते दोघं पेशंट उपचार घेऊन गेलेले, त्यांच्यासाठी आता काही करता येत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सरांशी बोलले, सर म्हणाले की बाई मंग ही रेषा रोजच्या प्लॅन चेकमध्येच घाल ना. आता कंटूर आले की आधी रेषेचा आकडा छापून फाइलला लावतो आणि मग प्लॅनिंगला बसतो. आकड्याच्या वर राहिलं तर कारण लिहायचं, हाताने, फाइलवर. सध्या ३१ प्लॅन जमलेत, शनिवारी दुपारनंतर ती मुलगी आणि मी एकेक जुना प्लॅन उघडून बघतो, वाईट असेल तर आधी सुधारतो आणि मगच यादीत घेतो, पन्नास झाले की यू-नेट आमच्या डेटावर पण चालवून बघायचं आहे. कुणाकडे ऑपरेशननंतरच्या गालाच्या कॅन्सरचे व्हीमॅट प्लॅन असतील आणि तुमच्या एथिक्स कमिटीची परवानगी मिळत असेल तर खाली लिहा, विदर्भातल्या दोन-तीन डिपार्टमेंटनी मिळून केलं तर शंभर पेशंट सहज होतील.